तीन गुण कमी

सकाळी साडेनऊला इतवारीतून सहा पोरं भरली.
जागा चौघांची, पण परीक्षेच्या दिवशी
कोणाला मागे ठेवून कसं जाणार?
"भैया, महालातलं सेंटर. लवकर."
मी म्हटलं, बसा, मलाबी तिथंच जायचं हाय.
कोणी ऐकलं नाही. सगळे सूत्रं घोकून राहिले होते.
निळ्या ओढणीच्या पोरीजवळ पाचशेची नोट.
"सुटे नाहीत भैया, नंतर देते."
नंतर म्हणणारे कुठे भेटतात?

माझ्या सीटखाली, पान्यांच्या शेजारी,
तेलानं एक कोपरा पिवळा पडलेलं हॉलतिकीट:
हेडाऊ गुणवंत मनिराम.
आईचं नाव शेवंता. विषय एकच.

अकरा वर्षांपूर्वी शंभरात बत्तीस.
"गुणवंताला तीन गुण कमी,"
हेडसर प्रार्थनेनंतर माईकवर म्हणाले
आणि अख्खं ग्राउंड हसलं.
मीही हसलो. तेव्हा तेच सोपं होतं.

ती मार्कशीट आईनं लॅमिनेट करून आणली,
रेशनकार्डासोबत.
"आई, ही नापासाची आहे."
"अशी कशी? शिक्का तं हाय ना बाप्पा."
अजून तिला ना पाणी लागलं, ना वाळवी.
पास झालेल्यांचे कागद एव्हाना फाटले असतील.

स्टँडवरच्या बावीस ई-रिक्षा माझ्या हाताला ओळखतात.
कंट्रोलर जळाला की मला वासानं समजतं.
आयटीआयचे एक सर सवारी म्हणून बसले होते,
मध्येच गाडी बंद पडली, मी वायर सोलली, जोडली,
ते बघत राहिले.
"हात चांगला आहे तुझा. दहावीचा कागद घेऊन ये."
कागद. म्हणजे लॅमिनेट केलेला नाही, दुसरा.

मग रात्री बोळीत चार्जर लावायचा
आणि त्याच्या घूं-घूं आवाजात बीजगणित.
चार बॅटऱ्या, बारा-बारा व्होल्ट, अठ्ठेचाळीस.
हे मला कोणत्या मास्तरनं शिकवलं?
पण तेच पुस्तकात क्ष घालून आलं
की डोक्यात फ्यूज उडतो.
क्ष ची किंमत काढा, म्हणतात.
रस्त्यावर कोणी इतकी घासाघीस केली
तर मी सवारी उतरवून देतो.

सेंटरवर गाडी झाडाखाली लावली, साखळी घातली.
पोरं आत पळाली. मीही त्यांच्या मागे.
शिपाई म्हणाला, "ऑटोवाले बाहेर."
मी हॉलतिकीट दाखवलं.
त्यानं फोटो पाहिला, मला पाहिलं, परत फोटो.
"जा," म्हणाला, आणि का कोण जाणे, गेट जरा जास्त उघडलं.

बेंच लहान. गुडघे आत मावेनात.
बाजूच्या रांगेत निळी ओढणी.
ती माझ्याकडे बघत राहिली,
मग कंपासपेटी उघडून
माझ्या पॅडवर दहाचं नाणं सरकवलं.
"भैया, सकाळचे."
"काय देवाणघेवाण चाललीय?" सुपरव्हायजर बाई धावल्या.
नाणं उलटं-सुलटं करून पाहिलं त्यांनी.
त्यावर सूत्र नव्हतं.

तिसऱ्या प्रश्नात दोन गाड्या समोरासमोर निघाल्या.
वेग दिला, अंतर दिलं.
खड्डे नाही दिले, सिग्नल नाही, मध्ये बसलेली गाय नाही.
असा रस्ता मी जन्मात चालवला नाही.
तरी चालवला. पानभर चालवला.
शेवटी क्ष आला एक, छोटा,
मी त्याच्याखाली दोन रेघा मारल्या.

सुटल्यावर तेच सहा जण झाडाखाली उभे.
"इतवारी ना, भैया?"
बडकस चौकापर्यंत कोणी बोललं नाही.
मग मागून निळी ओढणी, हळूच:
"भैया, तुमचं तिसऱ्याचं किती आलं?"
मी सांगितलं.
"माझं वेगळं आलं," ती म्हणाली.
दुसऱ्याचं अजून वेगळं. तिसऱ्यानं तो प्रश्नच सोडला होता.
सगळी गाडी भांडायला लागली.
मी आरशातून ओरडलो, "अरे, अंतर दोघांचं मिळून घ्यायचं होतं!"
आणि मलाच खात्री नव्हती.

बॅटरीचे दोन डंडे उरले होते.
उतरताना तिनं परत दहा काढले. मी घेतले.
निकाल लागेपर्यंत
भाडं तेच.